फवाऱ्याचा पंप

त्या मे महिन्यात मुळं पांढरी पडायला चाळीस मिनिटं पुरत. मी घड्याळ समोर ठेवून पाहिलं होतं. पाणी शिंपडलं की ती शेवाळासारखी हिरवी होत, आणि पश्चिमेचं ऊन बाल्कनीच्या कठड्यावर चढलं की पुन्हा पांढुरकी, खडूने रेघ ओढावी तशी. ही मुळं मातीत नव्हती. आंब्याच्या फांदीच्या हातभर तुकड्याला धरून ती हवेत लोंबत, कारण झाड ऑर्किडचं होतं. आमच्याकडे त्याला सीतेची वेणी म्हणतात. वडील गेल्यावर आई कायमची माझ्याकडे नोएडाला राहायला आली, तेव्हा वादळात पडलेली ती फांदी तिने ओल्या पंच्यात गुंडाळून कोकणातून आणली होती. गाडीत दीड दिवस ती मांडीवर धरून बसली होती.

आईला जाऊन आता वर्ष होत आलं होतं. धाकट्या भावाने पुण्याहून फोन करून वर्षश्राद्धाची तिथी सांगितली. जूनच्या पहिल्या आठवड्यात येत होती. तू दहा दिवस तरी ये, असं तो म्हणाला. श्राद्धाच्या आधीची तयारी, नंतर कोकणातल्या घराची कागदपत्रं, काकांकडे एक चक्कर, एवढं सगळं होतं. मी हो म्हटलं. रिसीव्हर खाली ठेवला तेव्हा माझं लक्ष बाल्कनीकडे होतं.

त्या वर्षी पहिल्यांदाच पानांच्या बेचक्यातून एक दांडा निघाला होता. तीन उन्हाळे झाडाने नुसते तग धरून काढले होते, आणि आता दांड्यावर मोहरीएवढ्या कळ्या दिसत होत्या. दहा दिवस. दिवसातून पाच वेळा. मी पन्नास हा आकडा मनातल्या मनात कितीदा म्हटला असेल, सांगता येणार नाही.

आई असताना हे काम तिचं होतं. तिच्याकडे हिरव्या प्लास्टिकची बाटली होती, दट्ट्या ओढला की तुषार उडवणारी. आमच्या सेक्टरात तेव्हा निम्म्या इमारतींना रंग लागायचा होता. समोरच्या मोकळ्या जागेत एका मॉलचा सांगाडा उभा राहत होता आणि लू सुटली की त्या कामाची सगळी धूळ आमच्याकडे यायची. आई आधी पानं पुसायची, मग फवारा मारायची. फवारा हा तिचा शब्द. बाटलीलाही फवारा, त्यातून निघणाऱ्या पाण्यालाही फवारा आणि त्या कामालाही. मी ऑफिसातून घरी फोन केला की ती म्हणे, जेवण झालं, फवारा झाला, आता जरा पडते.

ती गेल्यावर मी ऑफिसला निघण्याआधी दोनदा आणि आल्यावर दोनदा पाणी देत असे. दुपारसाठी झाडाच्या मागे ओलं गोणपाट टांगत असे. ते जेमतेम चालत होतं. दहा दिवसांसाठी तेवढंही नव्हतं. सोसायटीच्या माळ्याला विचारलं, तर त्याने बादली उचलून दाखवली, रोज एक ओतीन म्हणून. झाड न्हाणीघरात ठेवावं तर उजेड नाही. बरोबर न्यावं तर दांडा वाटेत मोडणार. वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहत होती, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून अधूनमधून चहाला येई. ती किल्ली ठेवायला आनंदाने तयार झाली, पण तिला सकाळी आठला कंपनीची गाडी न्यायची आणि संध्याकाळी सातला आणून सोडायची. झाडाचा जीव जायचा तो मधल्या वेळात.

एका झाडासाठी इतकं का, हे कुणी विचारलं नाही, कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. आदल्या जूनमध्ये आई इस्पितळात होती तेव्हा शेवटचे तीन दिवस मी घरी गेलेच नव्हते. ती अर्धवट शुद्धीत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डोळे उघडले आणि विचारलं, "फवारा मारलास का?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली. त्यानंतर ती काही बोलली, पण कळेल असं ते शेवटचंच. तीन दिवसांनी घरी आले तेव्हा झाडाची चार पानं सुरकुतून खाली वाकली होती. सगळी माणसं जमली होती, त्या गडबडीत मी ती कापून टाकली. कुणी पाहिलं नाही.

ऑफिसच्या वाचनालयात बागकामावरची एक जुनी इंग्रजी पुस्तिका होती. तिच्यात घरच्या घरी धुकं तयार करण्याची पद्धत दिली होती: पाण्याचं भांडं, पंप, बारीक नळी, टोकाला पितळी नोझल आणि वेळेवर चालू-बंद करणारा टायमर. मी ती आकृती वहीत उतरवून घेतली. नोझल नर्सरीवाल्याने मागवून दिली, दोन. नळी फिल्टर दुरुस्त करणाऱ्याकडून मिळाली. टायमर सॉकेटमध्ये खोचायचा होता. त्याच्या तबकडीवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्या होत्या. राहिला पंप. पुस्तिकेत पंपाबद्दल एवढंच होतं, की तो पुरेशा ताकदीचा असावा. पुरेशी म्हणजे किती, ते नव्हतं. हे वाक्य मी बसमध्ये, जेवताना, फायलीवर मान घालून असताना मनात पुन्हा पुन्हा वाचत असे. कमी ताकदीचा घेतला तर धुकं होणार नाही, जास्तीचा घेतला तर नळी फुटेल, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तर ते मी दीड हजार किलोमीटरवर असताना होईल.

एका शनिवारी करोल बागेत गेले. मोटारींच्या सुट्या भागांच्या गल्लीपलीकडे विजेच्या छोट्या मोटारींची दुकानं होती. दुकानदार पन्नाशीचा पंजाबी गृहस्थ होता, बोलायला गोड. मी आधीच ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं, "फव्वारे के लिए पंप चाहिए, छोटा." त्याने बाल्कनीत लावायचा का, ते विचारलं. मी हो म्हटलं. पाणी किती वर जाणार? मी नळीची उंची धरून सांगितलं, पाच फूट. त्याने तळहातावर मावेल असा एक पंप काढला, बादलीत बुडवून चालवून दाखवला. त्यातून मनगटाएवढी जाड धार उसळली. आवाज जवळजवळ नव्हताच.

"ईशान कोने में रखना, बहनजी, बहुत शुभ रहता है," तो म्हणाला. मला वाटलं तो झाडाबद्दल बोलतोय. आमची बाल्कनी पश्चिमेला आहे असं मी त्याला अगदी गंभीरपणे सांगितलं. त्याने खेदाने मान हलवली, पण पंप बांधून दिला.

घरी आल्यावर पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या डब्यात पंप सोडला, नळी जोडली, नोझल बसवली आणि बटण दाबलं. नोझलच्या टोकाशी एक थेंब आला. फुगला, पडला. मग दुसरा आला. मी वाट पाहिली. मला वाटलं नोझल तुंबलं असेल. सुईने साफ केलं. आमच्याकडचं पाणी खारं, नळांच्या तोंडांना पांढरं कीट धरायचं, म्हणून नोझल रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. रविवारी पुन्हा तेच. सोमवारी ऑफिसातून येऊन पुन्हा. थेंब येत, फुगत, पडत. तिकीट पुढच्या बुधवारचं होतं. म्हणजे नऊ दिवस, आणि त्यातला सुट्टीचा शनिवार-रविवार एकदाच. कळ्या आता ज्वारीच्या दाण्याएवढ्या झाल्या होत्या. मला त्यांचा रागच यायला लागला होता. त्यांना हेच वर्ष सापडलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी वरची मुलगी किल्ली न्यायला आली. मी स्टुलावर उभी राहून नोझलकडे बघत होते. तिने काय चाललंय विचारलं, डब्यात वाकून पाहिलं, मग नळी काढून पंपाच्या तोंडावर अंगठा ठेवला. धार थांबली. पंप आत नुसता गुणगुणत राहिला.

"मावशी, हा पाणी ढकलतो, दाबत नाही," ती म्हणाली. "माझ्या अंगठ्यालाच हरला. बिल्कुल जोर नाही यार याच्यात." मग मला यार म्हटल्याचं लक्षात येऊन तिने जीभ चावली.

तिने कागदावर समजावून सांगितलं. भरपूर पाणी उचलणं वेगळं आणि थोडंसंच पाणी बारीक भोकातून जोराने काढणं वेगळं. धुक्याला दुसरं लागतं. मला ते कळलं, आणि एवढी साधी गोष्ट तीन दिवस कळली नाही याची धास्ती अधिक वाटली. आणखी काय काय मला कळत नसेल?

बुधवारी ऑफिसातून अर्धा दिवस घेऊन पुन्हा त्या दुकानात गेले. पंप चांगला नाही असं मी म्हटलं. त्याने तो बादलीत बुडवला. तीच जाड धार उसळली.

"आपने फव्वारा बोला था, मैंने फव्वारा दिया," तो म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, नवलच होतं. त्याने माझ्यामागे बोट दाखवलं. समोरच्या साड्यांच्या शोरूमच्या दारात हिरव्या संगमरवराचं एक कारंजं होतं. खोट्या दगडांवरून पाणी ओघळत होतं, मधे दिवा होता. त्या वर्षांत अशी कारंजी सगळीकडे निघाली होती, बँकांत, दवाखान्यांत, आमच्या सोसायटीच्या लॉबीतसुद्धा. तो रोज असे दहा पंप विकत असणार.

मी हातवारे करून सांगू लागले, की मला ते नको, मला बारीक हवं, जे हवेत उडतं, पानांवर बसतं, दिसत नाही पण हात ओला होतो.

"अच्छा, फुहार!" तो म्हणाला. "तो फुहार बोलो न, बहनजी."

अठरा वर्षं मी सरकारी कार्यालयात हिंदीचं मराठी आणि मराठीचं हिंदी करत होते. फुहार मला ठाऊक होता. फव्वारा म्हणजे कारंजं, हेही ठाऊक होतं. शेतीच्या पुस्तिकांत 'फव्वारा सिंचाई' असतं, ते मी कितीदा 'तुषार सिंचन' करून दिलं होतं, त्यामुळे शंकाही आली नाही. पण खरं सांगायचं तर त्या दुकानात मी भाषांतर केलंच नव्हतं. आईचा शब्द उचलून नेला होता. त्यात एक व जास्त घातला की हिंदी झालं, असं धरून चालले होते. आई बाजारात हेच करायची आणि मी तिला हसायचे.

दुकानदाराने पंप परत घेतला आणि दोन दुकानं सोडून असलेल्या एका फिल्टरवाल्याकडे मला स्वतः पोचवलं. वाटेत त्याने त्यालाही ओरडून सांगितलं, "मैडम को फुहार चाहिए, फव्वारा मत दे देना."

फिल्टरवाला म्हातारा होता, चष्मा कपाळावर. त्याने आधी प्रश्न विचारले. नोझल किती, नळी किती लांब, पाणी कुठलं, सलग किती वेळ चालवणार. मला उत्तरं देता येत होती, याचंच बरं वाटलं. नोएडाच्या घराघरांत भिंतीवर जो पांढरा आरओ असतो, त्याच्या पोटातला पंप हाच लागेल, असं तो म्हणाला. त्याने दोन काढले, एक लहान, एक मोठा. लहान चालू करून मला अंगठा ठेवायला सांगितला. मी ठेवला. पाणी अंगठ्याच्या कडेने फिस्कारत बाहेर पडलं आणि माझ्या चष्म्यावर बसलं. मोठ्याने तर अंगठा उडवलाच.

मोठा घ्यावा असं मला वाटत होतं. भीती असली की माणूस मोठंच घेतो. म्हातारा नाही म्हणाला. दोन नोझलसाठी मोठा घेतलात तर सांधे निखळतील, शिवाय तो तापेल. लहानाला पंधरा मिनिटांनंतर तासभर विश्रांती द्या, डब्याच्या तोंडाला जाळी लावा, पाणी आरओचंच घाला, आणि डबा कोरडा पडू देऊ नका, कोरडा चालला तर संपला. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने हसून मान डोलावली. नोएडाच्या बसमध्ये बसल्यावर मला वाटलं, मोठाच घ्यायला हवा होता. यमुनेचा पूल ओलांडेपर्यंत उतरून परत जावं की नाही, हाच विचार चालला होता.

गुरुवारी पहिल्या चाचणीला एक सांधा निखळला आणि नळी सापासारखी वळवळत दारातून आत आली. दाराशेजारचं पुस्तकांचं फडताळ भिजलं. शब्दकोशाचे दोन खंड मी पंख्याखाली उघडे ठेवले. सांधा पुन्हा बसवला, तारेने आवळला. शुक्रवारी धुकं झालं. उतरत्या उन्हात ते आधी दिसलं, मग फांदीवर बसलेलं जाणवलं, आणि तीन-चार मिनिटांत मुळांचा रंग पालटला. मी आनंदले असते, पण टायमर पंधरा मिनिटांचा होता आणि पंप थांबेना. पाचव्या मिनिटाला पानांच्या बेचक्यात पाणी साठू लागलं. तिथे पाणी राहिलं की झाड मधून कुजतं, हे पुस्तिकेत ठळक अक्षरात होतं. म्हणजे कोरडं पडूनही मरेल आणि ओलं राहूनही. मी नोझल खाली सरकवली, तिरकी केली, तुषार फक्त मुळांवर येतील अशी. शनिवार-रविवार दर वेळी पंप सुरू झाला की टॉर्च घेऊन बेचक्यात बघत होते.

रविवारी दुपारी वीज गेली ती अडीच तास आली नाही. पंप बंद, टायमरची तबकडीही जागच्या जागी. मुळं पांढरी झाली. मी बाटली घेतली, हाताने पाणी मारलं आणि भावाला फोन केला.

मला यायला जमणार नाही, असं मी म्हटलं. त्याने ऑफिसचं कारण आहे का विचारलं. एरवी मी हो म्हटलं असतं. झाडासाठी राहते आहे, असं सांगितलं.

"ताई, आईचं वर्ष आहे," तो म्हणाला. "झाड काय, दुसरं आणू. मी आणून देतो."

"मी आईला खोटं सांगितलं होतं," मी म्हटलं. मग इस्पितळातलं सगळं सांगितलं, तीन दिवस, तिचा प्रश्न, चार पानं. फोनवर त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. तो बंद झाला. भाऊ कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करतो. त्याला सांत्वन करता येत नाही, लहानपणीही यायचं नाही.

"पंप किती व्होल्टचा आहे?" त्याने विचारलं.

मी चोवीस म्हटलं. टायमर तबकडीचा का? हो. मग वीज गेली की टायमर मागे पडणार, दुपारचं पाणी संध्याकाळी पडेल आणि झाड रात्रभर ओलं राहील. माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं. पंप आणि टायमर दोन्ही इन्व्हर्टरवर घे, तो म्हणाला, पंखे आणि दिवे सगळे काढून टाक, एवढ्याशा पंपाला बॅटरी दिवसभर पुरेल. त्याने मला फोनवरच स्विचबोर्डापाशी उभं केलं आणि कुठली वायर कुठे, ते विचारत गेला. शेवटी म्हणाला, आता ये. आणि पुढे, तिने माझ्याकडे कधी झाडाची चौकशी केली नाही, तुझ्याकडेच करायची.

सोमवारी इलेक्ट्रिशियन येऊन जोडणी करून गेला. मंगळवारी वरच्या मुलीला सगळं दाखवलं. रोज संध्याकाळी डबा भरायचा, जाळी बघायची, बेचका बघायचा. ती माझ्या वहीतली यादी वाचून म्हणाली की आमच्या कंपनीतही एवढं लिहून देत नाहीत. बुधवारी निघाले. जिना उतरून रिक्षात बसले, परत वर आले, पंप चालू होण्याची वेळ होईपर्यंत दारात उभी राहिले. पंप चालू झाला. गाडी जेमतेम मिळाली.

पुण्यात मी रोज साडेसातला फोन करत असे. सगळं ठीक आहे मावशी, असं ती म्हणे. मी जाळीचं विचारी, बेचक्याचं विचारी. श्राद्धाच्या दिवशी भाऊ पिंडांवर तिलोदक सोडत होता, गुरुजी सांगत होते आणि मी मनात हिशोब करत होते की आता तिकडे अकराचा फेरा संपला असेल. हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच झालं. त्या संध्याकाळी फोन कुणी उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भावाने मला स्टेशनवर जाऊ दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मुलीचा आवाज आला. कंपनीत काम अडकलं होतं, ती दोन रात्री घरीच आली नव्हती. डब्यातलं पाणी तळाला गेलं होतं, पण डबा कोरडा नव्हता. तिने शपथेवर सांगितलं. मग म्हणाली, खालची दोन पानं काळी पडली आहेत, ती कापू का? मी कापायला सांगितलं. कळ्यांचं विचारायचा मला धीर झाला नाही, आणि तिनेही काही सांगितलं नाही.

अकराव्या दिवशी दुपारी घरी पोचले. सामान दारात ठेवून आधी बाल्कनीत गेले. झाड होतं. दोन पानं गेली होती, कापल्याच्या खुणा वाळल्या होत्या. दांडा खाली झुकून फुलला होता. वरच्या भागातली फुलं कोमेजून तपकिरी झाली होती, टोकाकडची ताजी होती, पांढरी, जांभळ्या ठिपक्यांची. मुलगी संध्याकाळी भेटली तेव्हा म्हणाली की मुद्दाम सांगितलं नव्हतं, तुम्हीच येऊन बघाल म्हणून.

मी पोचले तेव्हा दुपारचा एक वाजायला आला होता. मी हातपाय धुतले, चहा टाकला आणि बाल्कनीच्या दाराशी खुर्ची घेऊन बसले. एक वाजता मी उठले, कारण ती पाण्याची वेळ होती. पंप सुरू झाला. मी खुर्चीपाशी उभी होते. मुळं हिरवी होत गेली आणि पंधरा मिनिटांनी पंप आपणच थांबला. तोवर चहा उकळून आटला होता. मी तो ओतून दिला आणि पुन्हा आधण ठेवलं.